टोक कुठे टेकतं

"वहिनी, हा नकाशा एकदा लांबूनही बघ हं," नणंद म्हणाली होती. "आम्ही काही तुझ्यासारखं छपराला नाक लावून बसत नाही. अख्खी टेकडी एका नजरेत घ्यायची आणि चालू पडायचं, असं आमचं काम."

वहिनीने मान डोलावली. पण ती ऐकल्याची नव्हे, विषय संपवल्याची. "लांबून काय बघायचं? जवळून बरोबर असलं तर लांबून चुकेल कशाला?" असं म्हणून ती पुढच्या छपराकडे वळली. मांडीवर मुलगी पेंगत होती. तिचं डोकं कोपरात सावरून एका हाताने माउस चालवायची कला एव्हाना तिला चांगलीच साधली होती.

काम असं होतं. नणंद परिचारिका. टेकडीवरच्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन औषधपाणी, मलमपट्टी करणाऱ्या एका केंद्रात ती नोकरीला होती. तिथे प्रत्येक माणसाचं एक माहितीपत्रक असे: आजार काय, औषधं कोणती, ऐकू येतं का, घरात चावरा कुत्रा आहे का, आणि शेवटच्या रकान्यात घराचे अक्षांश-रेखांश. कारण त्या वस्तीत पत्ता म्हणजे निव्वळ थट्टा. गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. 'टाकीच्या मागे, वरच्या अंगाला' असं लिहावं तर टाक्या जागोजागी. तेव्हा केंद्राने ठरवलं, की ही सगळी पत्रकं संगणकावरच्या त्या फिरत्या पृथ्वीगोलावर बसवायची. गोल फिरवायचा, खाली उतरत यायचं, की टेकडी दिसते. आणि टेकडीवर एकेका घरावर आपलं चिन्ह.

"आमच्या वहिनीला द्या," नणंदेने परस्पर सांगून टाकलं. "भूगोलाची पदवी घेऊन घरात बसलीय. आणि तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही."

तेव्हापासून केंद्रात सगळेच तिला वहिनी म्हणू लागले, तिच्या दुप्पट वयाचे डॉक्टरसुद्धा.

मुंगीबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगी झाल्यापासून तर वहिनीची नजर आणखीच बारीक झाली होती. झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास लागतोय ना बघायची. दुधाची बाटली उकळून झाली की मनाचं समाधान म्हणून पुन्हा उकळायची. "अगं, आता बाटलीच शिजेल," नवरा म्हणायचा. ती हसायची आणि गॅस तसाच चालू ठेवायची. जवळ जाऊन, डोळे रोखून बघितलं की संकट दबकून राहतं, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

नकाशाचं कामही तिने त्याच जिवाच्या आकांताने केलं. पत्रकावरचे आकडे गोलाला द्यायचे, चिन्ह उमटलं की पार छपरापर्यंत खाली उतरायचं, कौलं की पत्रा हे पत्रकाशी ताडून बघायचं, मगच पुढचं घर. तयार मिळणाऱ्या पिवळ्या टाचण्या तिला पसंत पडल्या नाहीत. तिने स्वतःचं चिन्ह काढलं: वर चिमुकलं घर आणि त्याच्या खाली गाजरासारखं लांब, निमुळतं टोक. हिरवं घर म्हणजे सगळं ठीक. केशरी म्हणजे भेट चुकवायची नाही. राखाडी म्हणजे घर बंद. लागोपाठच्या भेटींत 'घर बंद' अशी नोंद पडत गेली, की चिन्ह आपोआप राखाडी व्हायचं आणि फेरीतून गळायचं. उगाच कुणाची पायपीट नको. हा नियमही तिचाच. केंद्रात त्याचं फार कौतुक झालं. "वहिनींनी आमचे गुडघे वाचवले," डॉक्टर म्हणाले होते.

मग नणंदेच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. ती रजा टाकून सासरी गेली आणि तिच्या फेरीवर एक नवी सिस्टर आली. पोरगी चुणचुणीत होती, पण वस्तीत नवखी. तिच्या हातात होता तो फक्त वहिनीचा नकाशा.

एका सकाळी मुलीला भरवता भरवता वहिनीने सहज टेकडी उघडली, आणि वरच्या गल्लीतलं एक चिन्ह राखाडी झालेलं दिसलं. घड्याळवाले आजोबा. कालपर्यंत केशरी होते.

तिने पत्रक काढलं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. साखरेचा आजार. डाव्या पायाच्या तळव्याला जखम, एकाआड एक दिवस पट्टी बदलायची. ऐकू जवळजवळ नाहीच. गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरत नाहीत. मग पायऱ्या न उतरणारा माणूस दाराला कुलूप लावून गेला कुठे? चमचा तिच्या हातातच राहिला. मुलीने आ वासून वाट बघितली, मग वैतागून ताटलीतच हात घातला.

तिने नणंदेला फोन लावला.

"कुणाकडे गेले असतील का गं?"

"ते?" नणंद हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून कुजबुजत होती. "त्यांना आहे कोण? जगात एक मी, तीही पट्टीपुरती. तू त्या नव्या सिस्टरला विचार. आणि काय ते मला लगेच कळव, नाहीतर इथे माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही."

नव्या सिस्टरने फोन उचलला तो धापा टाकतच.

"हो, बंदच आहे ते घर. दर खेपेला बंद. हे एवढं कुलूप!"

"दार कसलं होतं?"

"निळं. लोखंडी."

"वर घड्याळ होतं?"

"घड्याळ? छे! एक कुंडी होती, वाळून कोळसा झालेली."

"अहो, त्यांचं दार लाकडी आहे, हिरवं. वर भलंमोठं घड्याळ. आमच्या नणंदबाईंनी पत्रकात लिहिलंय की."

"पत्रक सगळं कुठे वाचत बसू, वहिनी? एका सकाळी किती घरं असतात!" सिस्टरच्या आवाजाला धार आली. "आणि मी काही मनाने नाही गेले. तुमच्याच चिन्हाच्या टोकाला उभी होते. टोक अगदी त्या दाराच्या डोक्यावर. थांबा, माझ्या मोबाईलवर कसं दिसतं तेच पाठवते."

चित्र आलं. सिस्टरने मोबाईलवर अख्खी टेकडी घेतली होती: खालच्या रस्त्यापासून वरच्या टाकीपर्यंत, तळहाताएवढी. आणि त्या टेकडीवर वहिनीचं चिन्ह ऐटीत उभं होतं. वरचं चिमुकलं घर वरच्या गल्लीत, आणि गाजराचं टोक थेट खालच्या गल्लीतल्या निळ्या दारावर.

वहिनीने ते चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. काय झालं ते समजायला तिला वेळ लागला नाही, आणि त्याचाच तिला अधिक राग आला. पृथ्वी पडद्यावर लहान-मोठी होते, पण वर ठेवलेलं चित्र तेवढंच राहतं. चित्र जमिनीला कुठे खिळवायचं हे आपण सांगितलं नाही, तर संगणक त्याला सरळ मधोमध खिळा मारतो. तिने सांगितलं नव्हतं. म्हणजे घरावर खिळलेलं होतं ते चित्राचं पोट, आणि टोक नुसतं खाली लोंबत होतं. छपरापर्यंत उतरून बघितलं, की ते लोंबणं फार तर उंबऱ्याएवढं. टेकडीभर वर गेलं, की तेच लोंबणं एका गल्लीएवढं.

आणि बाकीच्या घरांचं? तिथेही टोक चुकलेलंच होतं. पण कुठे ते मोकळ्या पायवाटेवर पडत होतं, कुठे शेजाऱ्याच्या ओसरीवर. तिथलं कुणीतरी "सिस्टर, इकडे नाही, वर या," असं ओरडून सांगत होतं, आणि सिस्टरला वाटत होतं, हे असं थोडं मागंपुढं व्हायचंच. घड्याळवाल्या आजोबांच्या नशिबी मात्र खाली कुलूप आलं. कुलूप काय सांगणार?

"सिस्टर, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"पार दुसऱ्या टोकाला. इथे सलाईन लावलंय, ते संपेपर्यंत हलता येणार नाही. का हो? काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाही," वहिनी म्हणाली. "चूक माझी आहे. मी जाते."

म्हणाली खरी, पण मुलीचं काय? नवरा कामावर. शेजारणीकडे ठेवावी तर तिच्या घरी सगळ्यांना खोकला. सोबत न्यावी तर तो चढ, ते ऊन, आणि म्हाताऱ्या माणसाची उघडी जखम. एरवी या तीन गोष्टींतली एकच तिला घरी बसवायला पुरेशी होती. तिने मुलीला झोळीत घालून पोटाशी बांधलं, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली.

टेकडी तिने इतक्यांदा बघितली होती, की कोणत्या छपराला ताडपत्री आहे हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. पण ती टेकडी आभाळातून बघितलेली. पायऱ्यांवरून कुठलंच छप्पर ओळखू येईना. नुसत्या भिंती, वायरी, वाळत घातलेले कपडे आणि कुणाकुणाच्या स्वयंपाकाचा वास. एका वळणावर ती सरळ चुकली. एका हातात मोबाईल धरून पाणी भरणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुणाकडे?"

"घड्याळवाले आजोबा."

"आहेत का ते अजून?" बाई म्हणाली, आणि लगेच जीभ चावून तिने वरच्या गल्लीकडे बोट केलं.

हिरवं दार होतं. वरचं घड्याळ चालू होतं, वेळही बरोबर. वहिनीने कडी वाजवली, हाका मारल्या. झोळीतल्या मुलीनेही आईचा सूर धरून भोकाड पसरलं. आतून हूं की चूं नाही. मग तिने खिडकीला तोंड लावलं.

आजोबा जमिनीवर उजेडाच्या तिरिपेत बसले होते. एका डोळ्यात घड्याळजींचं ते काळं नळीसारखं भिंग, हातात बारीक चिमटा. समोर डब्याला टेकवलेला दाढीचा आरसा, आणि आरशात आपला तळवा बघत ते स्वतःची जखम स्वतःच साफ करू पाहत होते. शेजारी पट्टी म्हणून फाडलेला जुना शर्ट. हात आश्चर्य वाटावं इतका स्थिर होता, पण आरशात डावं-उजवं उलटं होतं आणि चिमटा सारखा भलतीकडे जात होता. खिडकीतून वास आला. तो वास काय सांगतो, हे कळायला सिस्टर असायची गरज नव्हती.

खिडकीत सावली हलली तेव्हा त्यांनी वर बघितलं. बराच वेळ लागला, पण सरपटत येऊन त्यांनी दार उघडलं.

"दुकान बंद झालं," ते ओरडूनच बोलले, बहिऱ्या माणसासारखे. "घड्याळ असेल तर परत न्या."

"मी सिस्टरची वहिनी!" तीही ओरडली.

"सिस्टरची? ती कुठाय? मेली की काय?"

"सासरी गेलीय!"

"म्हणजे आहे. बरं." त्यांनी डोळ्यातलं भिंग काढून खिशात टाकलं. "कुणी येईना, तेव्हा मला वाटलं, मीच गेलो आणि मला कळवायचं राहून गेलं."

वहिनीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. तिने मुलीला दुसऱ्या अंगाला वळवलं आणि पायाकडे बघितलं. धाकट्या बोटाची शेवटची पेरं काळी पडली होती. तिने हात लावला नाही, काही विचारलं नाही. थेट केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, वास आहे का आणि काळेपणा वर चढलाय का, आणि म्हणाले, "हलवा. ताबडतोब." गल्लीतल्या चौघांनी आजोबांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. "हळू रे, हळू," आजोबा वरून हुकूम सोडत होते. "मी वॉटरप्रूफ आहे, पण शॉकप्रूफ नाही."

बोट काढावं लागलं. पाय वाचला. "आणखी थोडं थांबला असतात तर घोट्यापासून गेला असता," डॉक्टर त्यांना म्हणाले, आणि ते वाक्य वहिनीने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून ऐकलं. भाजलेल्या हातावर वारं लागावं तसं ते कितीतरी दिवस तिला लागत राहिलं.

भेटायच्या वेळेला ती गेली आणि मोबाईलवर दाखवून त्यांना सगळं सांगितलं. पाटीवर लिहून, कारण वॉर्डात ओरडता येत नव्हतं. आजोबांनी वाचलं. पडद्यावर बोट ठेवून टेकडी लहान केली, मोठी केली, पुन्हा लहान केली. टोक वर-खाली सरकत राहिलं.

"तुझी चूक," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"दुरुस्त केलीस?"

'करतेय,' तिने पाटीवर लिहिलं.

"माझं बोट काही येत नाही आता त्या दुरुस्तीने." त्यांनी मोबाईल परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तिलाही ते ऐकायची आशा धरावीशी वाटली नाही. ती उठायला लागली तेव्हा पाठमोऱ्यानेच म्हणाले, "उद्या येताना त्या लेकराला आण. इथे सगळे कण्हतात. एखादं तरी तब्येतीत रडणारं असू दे."

नणंद परत आली. 'मी म्हटलं नव्हतं?' हे शब्द ती कधी उच्चारते याची वहिनी रोज वाट बघत होती. नणंद ते बोललीच नाही. एका दुपारी दोघी संगणकापुढे बसल्या. वहिनी एकेका चिन्हाचा खिळा पोटातून काढून टोकाला मारत होती, आणि नणंद गोल वर-खाली करून टोक जागचं हलत नाही ना, हे बघत होती. मुलगी दोघींच्या मध्ये बसून रिकामा डबा बडवत होती.

"आणि ते राखाडी?" नणंदेने विचारलं.

"काढून टाकलं. आता आपोआप कुणी राखाडी होणार नाही. 'घर बंद' आलं की चिन्ह लाल होईल, आणि कुणीतरी फोन करून विचारेपर्यंत लालच राहील."

"डॉक्टरांचे गुडघे?"

"दुखू देत."

नणंद हसली. "वहिनी, तू केलंस ते ठीक. पण मी जाणार एकाआड एक दिवस. मधल्या दिवसाचं काय? त्यांना दुसरं काही झालं, बाथरूममध्ये पाय घसरला, तर तुझं चिन्ह आहे तसं केशरीच राहील आणि टोकही अगदी उंबऱ्यावर असेल."

हे मात्र वहिनीने विषय संपवायला मान डोलावून सोडून दिलं नाही. चिन्ह जागेवर बसलं, याचा अर्थ एवढाच, की माणूस कुठे आहे ते कळतं. कसा आहे, हे बघायला कुणीतरी दारात उभं राहायला हवं. पाणी भरणारी ती बाई रोज त्या गल्लीवरून जाते, आणि तिला आजोबा आहेत की नाहीत हेच ठाऊक नव्हतं. तिच्या हातातही मोबाईल होताच की.

वस्तीतल्या ज्यांची तयारी असेल त्यांना नकाशा बघू द्यायचा, असं केंद्रात ठरलं. आजार, औषधं झाकायची. फक्त घर आणि चिन्हावर बोट ठेवलं की उघडणारी चौकट, आणि तीही त्या माणसाने हो म्हटलं तरच. आजोबा घरी आल्यावर वहिनी त्यांच्याकडे गेली. मुलीला जमिनीवर सोडलं, ती लगेच चिमट्याच्या दिशेने रांगत सुटली, आणि वहिनीने आयुष्यात पहिल्यांदाच लगबगीने तिला न उचलता आधी 'नकाशावर तुमच्याबद्दल लिहू का?' ही पाटी आजोबांपुढे धरली. चिमटा आजोबांनीच उचलून वर ठेवला.

"लिही," ते म्हणाले. "पण बिचारा, निराधार, असलं काही लिहू नकोस. मी काही अनाथाश्रमाची दानपेटी नाही."

"मग काय लिहू?" ती ओरडली.

"खरं ते लिही. आणि जरा गोड लिही, नाहीतर येणार कोण?"

तिने तिथेच बसून लिहिलं, त्यांना वाचायला दिलं, त्यांनी दोन शब्द खोडायला लावले आणि एक घालायला. मग तिने ते चौकटीत टाकलं. अजूनही वरच्या गल्लीतल्या त्या हिरव्या दाराच्या घराच्या चिन्हावर बोट ठेवलं की ते उघडतं:

'हे वाचणारे तुम्ही जे कुणी असाल, इथे घड्याळवाले आजोबा राहतात. हाक मारून उपयोग नाही, ऐकू येत नाही. खिडकीत हात हलवा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो, तेवढा थांबा. बंद पडलेलं घड्याळ असेल तर घेऊन या, बोलायला निमित्त होईल. नसेल तरी या. सिस्टर एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी कुणी येत नाही. आज तुम्ही या बाजूला असाल, तर जरा वर चढून, ते कसे आहेत बघून याल का?'